विश्लेषण : डोळ्यांसमोर बसलेले फुलपाखरू दिसत का नाही? आल्फ्रेड वॉलेस यांनी हे कोडे कसे सोडवले?

जंगलाच्या वाटेने चालताना समोरून एक निळे-केशरी फुलपाखरू झपकन उडत जाते, पाच-दहा पावलांवरच्या झुडपात शिरते आणि गायब होते. आपण जवळ जाऊन पाहतो, तर तिथे फक्त वाळकी पाने. पश्चिम घाटात भटकणाऱ्यांपैकी अनेकांना हा अनुभव आला असेल. साधारण १६० वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरच्या जंगलात एका ब्रिटिश माणसाची अशीच फजिती झाली होती, आणि तीही एकदा नव्हे, अनेकदा. फरक इतकाच की, कीटक आणि पक्षी पकडून विकणे हाच त्याचा पोटापाण्याचा उद्योग होता. हातून निसटलेले प्रत्येक फुलपाखरू म्हणजे बुडालेली कमाई. तो माणूस म्हणजे आल्फ्रेड रसेल वॉलेस, चार्ल्स डार्विन यांच्यासोबत नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारे निसर्गशास्त्रज्ञ. फुलपाखरे शत्रूपासून कशी लपतात आणि ही कला त्यांना कुठून मिळाली, हे समजून घ्यायचे तर वॉलेस यांच्या आयुष्याची गोष्ट समजून घ्यायला हवी.

वॉलेस कोण होते?

वॉलेस यांचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधील अस्क या गावाजवळ झाला. वडिलांनी वकिलीचे शिक्षण घेतले होते, पण वकिली कधी केली नाही. फसलेल्या गुंतवणुकींमुळे घरची परिस्थिती हळूहळू खालावत गेली. त्यामुळे वयाच्या अवघ्या १४ व्या वर्षी आल्फ्रेड यांची शाळा सुटली. पुढे कॉलेजचे तोंड त्यांनी कधीच पाहिले नाही.

काही महिने ते लंडनमध्ये सुतारकाम शिकणाऱ्या जॉन या भावाकडे राहिले. त्यानंतर विल्यम या थोरल्या भावाच्या हाताखाली जमीनमोजणीचे काम शिकू लागले. साखळी आणि मोजणीची उपकरणे घेऊन दिवसभर रानोमाळ हिंडायचे, नकाशे काढायचे, असा तो दिनक्रम. या भटकंतीतच त्यांना झाडाझुडपांची नावे जाणून घेण्याचा नाद लागला. एक स्वस्तातले पुस्तक विकत घेऊन त्यांनी वनस्पती ओळखायला सुरुवात केली. मोजणीदाराची शिस्त आणि रान पाहण्याची सवय, या दोन गोष्टी त्यांना जन्मभर पुरल्या.

फुलपाखरांचा नाद कसा लागला?

मोजणीची कामे कमी झाल्यावर १८४४ मध्ये वॉलेस यांनी लेस्टर शहरातील एका शाळेत शिक्षकाची नोकरी धरली. तिथल्या वाचनालयात त्यांची ओळख हेन्री वॉल्टर बेट्स या तरुणाशी झाली. बेट्स होजिअरीच्या धंद्यात उमेदवारी करत होते आणि फावल्या वेळात भुंगेरे गोळा करत होते. एका शहराच्या आसपास भुंगेऱ्यांच्या शेकडो जाती सापडू शकतात, हे ऐकून वॉलेस थक्क झाले. त्यांनी लगेच बाटली, टाचण्या आणि जाळी यांची जमवाजमव केली.

याच वाचनालयात त्यांनी थॉमस माल्थस यांचा लोकसंख्येवरील निबंध वाचला. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते आणि रोगराई, दुष्काळ, मृत्यू तिला आवर घालतात, हा त्यातला मुद्दा. तेव्हा तो फक्त डोक्यात राहिला. त्याचा उपयोग १४ वर्षांनी, तापाने फणफणलेल्या अवस्थेत होणार होता.

अ‍ॅमेझॉनच्या मोहिमेत काय घडले?

१८४८ मध्ये वॉलेस आणि बेट्स ब्राझीलला निघाले. वॉलेस तेव्हा २५ वर्षांचे होते. मागे ना सरकार होते, ना कोणी श्रीमंत आश्रयदाता. योजना साधी होती. जंगलात कीटक आणि पक्षी गोळा करायचे, ते लंडनमधील सॅम्युअल स्टीव्हन्स या एजंटकडे पाठवायचे आणि संग्रहालये व हौशी संग्राहक जे पैसे देतील, त्यावर पुढचा प्रवास करायचा.

या प्रवासाची किंमत मोठी होती. मदतीला आलेला धाकटा भाऊ हर्बर्ट १८५१ मध्ये पिवळ्या तापाने दगावला. १८५२ मध्ये वॉलेस स्वतः आजारपणाने खंगून ‘हेलन’ या जहाजाने मायदेशी निघाले. ६ ऑगस्ट रोजी भर समुद्रात जहाजाला आग लागली. हाताला लागलेल्या थोड्या वह्या आणि चित्रे पत्र्याच्या पेटीत भरून ते होडीत उतरले. स्वतःच्या अभ्यासासाठी जपून ठेवलेला संग्रह त्यांच्या डोळ्यांदेखत जळाला. दहा दिवस उघड्या होडीत काढल्यावर दुसऱ्या जहाजाने त्यांना वाचवले. स्टीव्हन्स यांनी संग्रहाचा २०० पौंडांचा विमा उतरवून ठेवला होता, तेवढाच काय तो आधार उरला.

बेट्स मात्र ब्राझीलमध्येच थांबले आणि एकूण ११ वर्षे तिथे राहिले. त्यांच्या लक्षात आले की, काही चविष्ट फुलपाखरे बेचव फुलपाखरांसारखी दिसतात आणि त्यामुळे पक्ष्यांपासून वाचतात. आज या प्रकाराला बेट्सची नक्कल किंवा बेट्सियन मिमिक्री म्हणतात. म्हणजे एकाच वाचनालयात भेटलेल्या या दोन मित्रांनी पुढे फुलपाखरांच्या बचावाचे दोन मोठे मार्ग जगापुढे मांडले. एक सोंग घेण्याचा, दुसरा लपण्याचा.

इतके नुकसान होऊनही पुन्हा जंगलात का गेले?

कारण हातात दुसरे काही नव्हते आणि डोक्यातला प्रश्न सुटलेला नव्हता. सजीवांच्या नव्या जाती निर्माण तरी कशा होतात, हा तो प्रश्न. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या मदतीने प्रवासाची सोय झाली आणि एप्रिल १८५४ मध्ये वॉलेस सिंगापूरला पोहोचले. आजचे मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया आणि न्यू गिनी या पट्ट्यात ते पुढची आठ वर्षे फिरले. सुमारे १४ हजार मैलांचा प्रवास, ६० ते ७० लहानमोठ्या सफरी आणि एकूण १ लाख २५ हजार ६६० नमुने, असा त्याचा हिशेब त्यांनीच पुढे दिला. त्यात ८३ हजार २०० भुंगेरे होते, तर फुलपाखरे आणि पतंग मिळून १३ हजार १०० नमुने होते.

हे काम एकट्याचे नव्हते. सारावाकमधील अली नावाचा मलाय तरुण स्वयंपाक्या म्हणून आला आणि पुढे पक्षी टिपण्यात, सोलून टिकवण्यात तरबेज झाला. अनेक ठिकाणी गावकऱ्यांनी आणि मुलांनी कीटक आणून दिले. वॉलेस यांच्या नावावर असलेल्या संग्रहात या लोकांचा वाटा मोठा आहे.

हा धंदा असला तरी फुलपाखरांचे वेड खरे होते. बाचान बेटावर सोनेरी-केशरी पंखांचे एक मोठे बर्डविंग फुलपाखरू पहिल्यांदा हाती आले, तेव्हा त्यांची छाती धडधडू लागली, चक्कर येईल असे वाटले आणि उरलेला दिवस डोकेदुखीत गेला. त्या फुलपाखराला त्यांनी क्रीसस या प्राचीन काळच्या गडगंज राजाचे नाव दिले.

डार्विन यांना पाठवलेल्या पत्रात काय होते?

फेब्रुवारी १८५८ मध्ये वॉलेस मोलुक्का बेटांवर होते. हिवतापाने आलटून पालटून थंडी आणि ताप सुरू होता. पडल्या पडल्या त्यांना माल्थस आठवले. प्राण्यांमध्ये दरवर्षी जन्मणाऱ्यांपैकी बहुतेक मरतात. मग जगतात कोण? जे आपल्या परिस्थितीला थोडे अधिक साजेसे असतात ते. त्यांचे गुण पुढच्या पिढीत उतरतात. पिढ्यान् पिढ्या हे चालू राहिले की, जातच बदलते.

ताप उतरल्यावर त्यांनी हा विचार लिहून काढला आणि टर्नेट बेटावरून डार्विन यांना पाठवला. डार्विन २० वर्षे नेमक्या याच कल्पनेवर काम करत होते, पण त्यांनी ती प्रसिद्ध केली नव्हती. ते पत्र वाचून हादरले. चार्ल्स लायल आणि जोसेफ हूकर या मित्रांनी तोडगा काढला. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. डार्विन तिथे नव्हते, कारण त्यांचे तान्हे मूल नुकतेच गेले होते. वॉलेस न्यू गिनीत होते आणि असे काही वाचन होत आहे, याची त्यांना कल्पनाही नव्हती. पुढच्या वर्षी डार्विन यांचा ग्रंथ आला आणि सिद्धांताला त्यांचेच नाव चिकटले. वॉलेस यांनी याबद्दल कटुता धरली नाही.

सिद्धांत तर मांडला गेला. आता गरज होती, सामान्य माणसालाही पटेल अशा ठोस उदाहरणाची. ते सुमात्रात मिळाले.

सुमात्रात नेमके काय पाहिले?

नोव्हेंबर १८६१ मध्ये वॉलेस सुमात्राला गेले. बेटाच्या अंतर्भागात लोबो रामान या ठिकाणी त्यांचा मुक्काम होता. तिथल्या कोरड्या रानात त्यांना ‘कॅलिमा पॅरालेक्टा’ नावाचे फुलपाखरू दिसू लागले. पंखांची वरची बाजू जांभळट, राखाडी छटेची आणि पुढच्या पंखांवर रुंद केशरी पट्टा. उडताना ते लांबूनही ओळखू येई. पण वॉलेस मागे धावले की, ते थोडे अंतर उडून वाळक्या पानांच्या झुडपात शिरे आणि दिसेनासे होई. कितीही बारकाईने पाहिले तरी सापडत नसे. मग अचानक तिथूनच उडे आणि पुढच्या झुडपात पुन्हा गडप होई.

शेवटी एकदा ते नेमके कुठे बसले, ती जागा वॉलेस यांनी हेरली. तरीही काही वेळ ते नजरेतून सुटलेच. मग लक्षात आले की, ते अगदी डोळ्यांसमोर आहे, पण काटकीला लागलेल्या वाळक्या पानासारखे.

त्या झुडपासमोर उभे असताना वॉलेस हे खऱ्या अर्थाने पक्ष्याच्या जागी होते. पक्ष्यालाही हेच फुलपाखरू हवे असते, तोही ते उडताना पाहून मागे लागतो आणि तोही असाच चकतो. रंग कशासाठी असतो, याचे उत्तर घरात बसून शोधणाऱ्याला जे सहज सुचले नसते, ते इथे शिकाऱ्याच्या नजरेने पाहणाऱ्याला दिसले.

फुलपाखराचे पान कसे होते?

वॉलेस यांनी १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द मलाय आर्किपेलागो’ या प्रवासग्रंथात या फुलपाखराचे वर्णन एखाद्या यंत्राचा एकेक भाग उलगडून दाखवावा तसे केले आहे. त्यातले मुख्य मुद्दे असे :

आकार : मिटलेल्या पंखांची कड पानासारखी. पुढच्या पंखांचे टोक म्हणजे पानाचे टोक आणि मागच्या पंखांची बारीक शेपटी म्हणजे देठ.

शिरा : टोकापासून शेपटीपर्यंत जाणारी गडद रेघ म्हणजे पानाची मधली शीर. तिच्या दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेघा म्हणजे उपशिरा.

रंग : खालची बाजू राखाडी, तपकिरी, लालसर अशा अनेक छटांची. जशी दोन वाळकी पाने सारखी नसतात, तशी दोन फुलपाखरेही सारखी नसतात.

डाग : पंखांवर बुरशी लागल्यासारखे ठिपके. ते इतके हुबेहूब की, फुलपाखरालाच बुरशी लागली असावी असे वाटते.

बसण्याची पद्धत : पंख पाठीवर घट्ट मिटलेले, डोके आणि मिशा पंखांच्या आत दडवलेल्या, शेपटी काटकीला टेकवलेली आणि मधल्या पायांच्या नख्यांनी धरलेला आधार.

जागा : हे फुलपाखरू हिरव्या पानांत नव्हे, वाळक्या पानांतच जाऊन बसते.

शेवटचे दोन मुद्दे सर्वांत महत्त्वाचे आहेत. नुसता रंग जुळून भागत नाही. पानासारखे पंख असलेले फुलपाखरू टवटवीत फुलावर पंख पसरून बसले, तर सगळे मुसळ केरात. रंग, आकार, सवय आणि जागा या चारही गोष्टी एकत्र जुळल्या, तरच जीव वाचतो. कॅमोफ्लाज म्हणजेच मायावरण ही पंखावरची नक्षी नसून संपूर्ण जगण्याची रीत आहे, हे वॉलेस यांनी दाखवून दिले.

मग वरच्या बाजूचा भडक रंग कशाला? तो उडताना दिसतो आणि बसताच झाकला जातो. पाठलाग करणारा पक्षी केशरी रंग शोधत राहतो आणि समोरच्या तपकिरी ‘पाना’कडे त्याचे लक्ष जात नाही, असे आजचे शास्त्रज्ञ सांगतात.

वॉलेस यांचा मुंबईशी काय संबंध?

१८६२ च्या सुरुवातीला वॉलेस मायदेशी निघाले. सोबत बर्ड ऑफ पॅराडाइज जातीचे दोन जिवंत नर होते. युरोपात हे पक्षी तोपर्यंत कातडी सोलून भरलेल्या स्वरूपातच पोहोचत. जिवंत पोहोचवायचे तर त्यांचे खाणेपिणे सांभाळणे आले. भात, केळी आणि झुरळे हा त्यांचा आहार. वाटेत वॉलेस आठवडाभर मुंबईत थांबले. प्रवासात जरा विसावा आणि पक्ष्यांसाठी ताजी केळी, अशी त्यामागची दोन कारणे होती. जहाजावर ते रात्री झुरळे पकडत हिंडत. माल्टा बेटावर तर त्यांनी एका बेकरीतून झुरळे मिळवून बिस्किटांच्या डब्यांत भरून घेतली. एप्रिलमध्ये दोन्ही पक्षी सुखरूप लंडनला पोहोचले.

भडक सुरवंटांचे कोडे कसे सुटले?

१८६७ मध्ये वॉलेस यांनी प्राण्यांच्या लपण्याविषयी आणि नकलेविषयी एक मोठा लेख लिहिला. तोपर्यंत प्राण्यांचे रंग हवामान, माती किंवा अन्नामुळे येतात, नाहीतर देवाने तसे घडवले म्हणून असतात, असे मानले जाई. वॉलेस यांचे म्हणणे सरळ होते. रंगाचा उपयोग काय, ते आधी विचारा. जो रंग जीव वाचवतो, तो टिकतो.

पण मग काही सुरवंट लाल-काळे, पिवळे, डोळ्यांत भरणारे का असतात? हा प्रश्न डार्विन यांना पडला होता. जोडीदाराला भुलवण्यासाठी म्हणावे, तर सुरवंट प्रजनन करतच नाहीत. त्यांनी बेट्स यांना विचारले. बेट्स यांनी वॉलेस यांचे नाव सुचवले.

वॉलेस यांचे उत्तर असे होते : हे सुरवंट चवीला वाईट असणार. पण पक्ष्याने चोच मारून थुंकून दिले, तरी मऊ अंगाचा सुरवंट मरतोच. त्यामुळे चोच मारण्याआधीच इशारा देणे गरजेचे. भडक रंग म्हणजे हा धोक्याचा फलक. वॉलेस यांनी कीटकशास्त्रज्ञांना प्रयोग करण्याची विनंती केली आणि एका नियतकालिकात पत्र लिहून वाचकांकडूनही निरीक्षणे मागवली. आज आपण ज्याला नागरिकांचे विज्ञान म्हणतो, त्याचाच हा प्रकार. १८६९ मध्ये जॉन जेनर वीअर यांनी पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. पक्ष्यांनी मळकट रंगांचे सुरवंट खाल्ले आणि भडक रंगांचे बहुतेक नाकारले. वॉलेस यांचा अंदाज बरोबर ठरला.

अर्धवट पान काय कामाचे?

या सिद्धांतावर एक जोरदार आक्षेप घेतला गेला. सेंट जॉर्ज मिव्हार्ट यांनी १८७१ मध्ये विचारले की, हुबेहूब साम्य उपयोगी हे मान्य, पण सुरुवातीच्या किंचित साम्याचा काय उपयोग? पाच टक्के पानासारखे दिसून कोणता पक्षी फसेल? डार्विन यांनी पुढच्या वर्षी उत्तर दिले की, सुरुवातीला ओबडधोबड, योगायोगाने आलेले साम्य असले तरी पुरते. ज्याचे साम्य थोडे जास्त, तो थोडा जास्त वाचतो आणि पक्ष्यांची नजर जितकी तीक्ष्ण, तितकी नक्कल अधिक बारीक होत जाते.

या उत्तराला भक्कम पुरावा मिळायला मात्र जवळपास दीड शतक लागले. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी कॅलिमा आणि त्याच्या नातलग फुलपाखरांच्या पंखांवरील रेघांची तुलना केली. पानाची नक्षी एका झटक्यात नव्हे, तर पायरीपायरीने तयार झाली, असा निष्कर्ष निघाला. साध्या फुलपाखरांच्या पंखांवर असतात त्याच रेघा सरकत, वाकत, जुळत गेल्या आणि त्यांची ‘शीर’ बनली. २०२२ मध्ये चीनमधील संशोधकांच्या पुढाकाराने कॅलिमाच्या जनुकांचा अभ्यास झाला. पंखांच्या खालच्या बाजूचे वेगवेगळे ‘पानरंग’ ‘कॉर्टेक्स’ या जनुकाच्या परिसरातील फरकांशी जोडलेले असल्याचे त्यात आढळले.

याच जनुकाचे नाव २०१६ मध्ये ब्रिटनमधील पेपर्ड मॉथ या पतंगाच्या संदर्भात पुढे आले होते. औद्योगिक क्रांतीच्या काळात कारखान्यांच्या धुराने झाडांचे बुंधे काळवंडले, तसा या पतंगाचा काळा प्रकार वाढत गेला होता. म्हणजे सुमात्राचे पान आणि ब्रिटनमधला काजळी रंग, या दोन्हींचा माग जनुकांच्या एकाच परिसरात लागतो.

वॉलेस यांचे पुढचे आयुष्य कसे गेले?

कीर्ती मिळाली, पण स्थैर्य नाही. १८६६ मध्ये त्यांनी अ‍ॅनी मिटन यांच्याशी विवाह केला. संग्रह विकून आलेला पैसा चुकीच्या गुंतवणुकीत गेला. कायमची नोकरी कधी मिळाली नाही. लेखन, परीक्षेचे पेपर तपासणे यावर घर चालले. १८७० मध्ये पृथ्वी सपाट असल्याचे मानणाऱ्या जॉन हॅम्पडन यांचे ५०० पौंडांचे आव्हान त्यांनी स्वीकारले. कालव्याच्या सरळ पात्रावर सारख्या उंचीच्या खुणा लावून त्यांनी पाण्याची वक्रता दाखवून दिली. मोजणीदाराची जुनी विद्या कामी आली. पण पैज जिंकूनही मनस्तापच वाट्याला आला. हॅम्पडन यांनी अनेक वर्षे बदनामी आणि खटल्यांचा ससेमिरा लावला.

वॉलेस यांच्या सगळ्याच भूमिका आज पटणाऱ्या नाहीत. ते मृतात्म्यांशी संवाद होतो असे मानू लागले. माणसाची बुद्धी केवळ नैसर्गिक निवडीतून आलेली नाही, असे त्यांनी लिहिल्यावर डार्विन निराश झाले. देवीच्या सक्तीच्या लसीकरणालाही त्यांनी विरोध केला आणि त्यात ते चुकले. दुसऱ्या बाजूला जमिनीवर समाजाची मालकी असावी, गरिबांना न्याय मिळावा, यासाठीही ते त्याच हट्टाने लढले.

मतभेद असूनही डार्विन यांनी मित्राची साथ सोडली नाही. त्यांच्या प्रयत्नांमुळे १८८१ मध्ये वॉलेस यांना वर्षाला २०० पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन सुरू झाले. पुढच्याच वर्षी डार्विन गेले, तेव्हा त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वॉलेस होते. १९०८ मध्ये त्यांना ब्रिटनचा ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा मोठा सन्मान मिळाला. ७ नोव्हेंबर १९१३ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डॉर्सेटमधील ब्रॉडस्टोन येथे त्यांच्या समाधीवर एका अश्मीभूत वृक्षाचे खोड उभे आहे.

महाराष्ट्रात हे कुठे पाहता येईल?

वॉलेस यांना चकवणाऱ्या फुलपाखराचा जवळचा नातलग आपल्याकडेच आहे. ‘ब्लू ओकलीफ’ हे पश्चिम घाटातले पानफुलपाखरू. वरून निळे, फिकट पट्ट्याचे, खालून वाळके पान. त्याची अळी कारवीच्या कुळातल्या वनस्पतींवर वाढते. हे फुलपाखरू फुलांपेक्षा झाडाचा पाझरणारा रस आणि पिकून पडलेली फळे पसंत करते. त्यामुळे ते शोधायचे तर फुलांच्या ताटव्यात नव्हे, जंगलातल्या सावलीत शोधावे. म्हणजे कारवीचे रान तोडले किंवा जाळले, तर हे फुलपाखरूही जाते. लपण्याची कितीही हुशारी असली, तरी लपायला जागाच उरली नाही तर तिचा उपयोग नाही. माणूस आत शिरला की, रानातले सौंदर्य नष्ट होईल, ही भीती वॉलेस यांनीही ‘द मलाय आर्किपेलागो’मध्ये व्यक्त केली होती.

जंगलात जाणे जमत नसेल, तर गॅलरीतला कढीपत्ता किंवा लिंबाचे रोप पाहा. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे काही दिसले, तर ते लगेच पुसू नका. ‘कॉमन मॉर्मन’ फुलपाखराची लहान अळी नेमकी तशीच दिसते आणि पक्षी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तीच अळी मोठी झाली की, हिरवी होऊन पानांत मिसळून जाते. या फुलपाखराच्या काही माद्या तर बेचव ‘रोझ’ फुलपाखरांची नक्कल करतात. १८६० च्या दशकात वॉलेस यांनी मलाय प्रदेशातल्या या जातीच्या माद्यांच्या वेगवेगळ्या रूपांवरही लिहिले होते.

वॉलेस यांना हे सारे टिपण्यासाठी जाळी आणि टाचणी वापरावी लागली. आपल्या हातात फोनचा कॅमेरा आहे. झुडपात शिरलेले फुलपाखरू दिसेनासे झाले, तर लगेच पुढे जाऊ नका. दोन मिनिटे स्थिर उभे राहा आणि वाळक्या पानांपैकी कोणत्या पानाला मिशा आहेत, ते शोधा.